काकांच्या फायरवॉलची नवी आवृत्ती

अमेरिकेत आले तेव्हा मी फायरवॉल नावाची वस्तू डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. परीक्षेत तिच्यावर आठ मार्कांचा प्रश्न यायचा आणि मला त्यात साडेसात मिळायचे. आमच्या तालुक्याच्या गावी तंत्रनिकेतनात संगणकांवर निळी कापडं घातलेली असायची. ती माझ्याच आईने शिवून दिली होती. वडील एसटी डेपोत मेकॅनिकच्या हाताखाली काम करायचे आणि आई शिवणकाम करायची. प्रयोगाच्या तासाला चौघांत एक संगणक मिळायचा, आणि सर सुरुवातीलाच सांगायचे, "सेटिंगला कुणी हात लावायचा नाही. बिघडलं तर जिल्ह्याहून माणूस बोलवावा लागतो." त्यांचं चूक नव्हतं. तो माणूस खरंच दीड-दीड महिना यायचा नाही.

म्हणून मी सगळं पाठ केलं आणि हात कशालाच लावला नाही. पुढे इंजिनिअरिंगही तसंच झालं. आमच्या घरात पदवीचं प्रमाणपत्र पहिल्यांदा आलं ते माझं. वडिलांनी ते डेपोत नेऊन सगळ्यांना दाखवलं आणि ग्रीस लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढलं नाही. त्या प्रमाणपत्राच्या जोरावर मी ओहायोत एमएस करायला आले. कोलंबसच्या विमानतळावर मला घ्यायला दोन अनोळखी माणसं उभी होती. तिथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी नव्या विद्यार्थ्यांची यादी केली होती, आणि माझ्या नावापुढे कोलंबसला लागूनच असलेल्या डब्लिन गावातल्या एका काका-काकूंनी आपलं नाव लिहिलं होतं. अपार्टमेंट मिळेपर्यंत चार दिवस राहायचं असं ठरलं होतं. मी सोळा दिवस राहिले. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी गेले.

काका मूळचे नागपूरकडचे. पन्नासेक वर्षांपूर्वी इकडे आले आणि एका टेलिफोन कंपनीत इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. काकू पुण्याच्या. त्यांना काकांच्या बोलण्याची इतक्या वर्षांनीही गंमत वाटायची. काकांनी "काय करून राहिलीस?" असं विचारलं की त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "राहिली नाहीये, करतेय!"

त्यांच्या तळघरात, धुण्याच्या यंत्राशेजारी, एका लोखंडी मांडणीवर एक जुना संगणक होता. त्याला काका पेटी म्हणायचे. घरात येणारं इंटरनेट आधी त्या पेटीत जायचं आणि तिथून घरभर. आत कोणी यायचं, बाहेर काय जायचं, ते ती ठरवायची. तीच फायरवॉल. तिच्यावरचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं, म्हणजे जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेलं आणि कुणालाही उघडून बघता येईल असं. काका ते पंधरा-सोळा वर्षं चालवत होते. शेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असायची. पेटीत काहीही बदललं की काका तिच्यात लिहायचे, मराठीत, शाईच्या पेनाने.

पहिल्या की दुसऱ्या रविवारी त्यांनी मला तळघरात नेलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "आज तू या घरचं नेट बंद पाडायचं."

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. "बंद पाडायचं?"

"हो. पाहिजे तसं पाड. मग सांग कसं पाडलं, आणि सुरू कर."

"काका, बिघडलं तर?"

"बिघडवायचंच तर आहे. बिघडलं नाही तर तुझा अभ्यास कच्चा."

वरून काकूंचा आवाज आला. "माझी सिरियल संपेस्तोवर थांबा! वीस मिनिटं राहिलीत!"

आम्ही वीस मिनिटं थांबलो. मग मी घाबरत घाबरत एक नियम बदलला आणि सगळ्या घराचं इंटरनेट गेलं. काका हाताची घडी घालून भिंतीला टेकून नुसते बघत उभे राहिले. मला ते परत सुरू करायला सव्वा तास लागला. तेवढ्या वेळात मी जे शिकले ते मला कॉलेजच्या इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्याबद्दल माझ्या सरांनाही मी दोष देत नाही, कारण त्यांच्याकडे बिघडवायला जास्तीचा संगणक नव्हता.

पुढे नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, प्रत्यक्ष काम काय केलंय? मी त्या पेटीबद्दल सांगितलं. कसं कसं ती बंद पाडली आणि कशी सुरू केली, ते सगळं. समोरच्या तिघांपैकी एक जण हसून म्हणाला की एवढ्या वेळा बंद पाडलेली फायरवॉल आजवर ऐकली नाही. नोकरी मिळाली. आज मी नेटवर्क इंजिनिअर म्हणून काम करते आणि काकांच्या घरापासून वीस मिनिटांवर राहते.

दोन हिवाळ्यांपूर्वी काकांना पक्षाघाताचा झटका आला. डॉक्टर म्हणाले सौम्य आहे, आणि तसा तो होता. पण उजवा हात अशक्त झाला, आणि बोलताना शब्द सापडेनासे झाले. म्हणजे काका वाक्य सुरू करायचे आणि मध्येच एखाद्या साध्या शब्दापाशी थांबायचे. चमचा. खिडकी. त्यांना वस्तू समोर दिसत असायची, शब्द यायचा नाही. आम्ही सगळे पटकन तो शब्द पुरवायचो. त्यांना बरं वाटावं म्हणून. मग काका मान हलवायचे आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचे.

त्यांचा मुलगा मिनेसोटात, ईडन प्रेरीला असतो. मी त्याला दादा म्हणते. तो इथेच जन्मलेला, त्याला मराठी सगळं समजतं, बोलताना निम्मं इंग्रजी येतं. आई-वडिलांनी आपल्याजवळ यावं, तिथल्या एका चांगल्या सिनियर लिव्हिंगमध्ये, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या निवासात, राहावं, असं त्याचं म्हणणं होतं. त्यात त्याचं प्रेमच होतं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, काकांचा हात असा, आणि तो सातशे मैलांवर. कुणालाही काळजी वाटेल.

त्यात पेटीचा विषय निघाला. त्या सॉफ्टवेअरची नवी मोठी आवृत्ती आली होती आणि जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद होणार होतं. दादाने ते कुठेतरी वाचलं. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर म्हणाला, "डॅड, ते अपग्रेड करा, नाहीतर आय विल गेट यू अ नॉर्मल बॉक्स. इंटरनेट कंपनीवाले येऊन लावून देतात. नो हेडेक."

"मी करतो," काका म्हणाले.

"कधी?"

"करतो म्हटलं ना."

"डॅड, प्लीज, मी भांडत नाहीये. डिसेंबरच्या मिडलपर्यंत. नाही झालं तर मी टेक्निशियनची अपॉइंटमेंट घेतो."

काका मग मला गॅरेजपर्यंत सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "आज पेटी नेतील. उद्या गाडीची किल्ली नेतील. मग म्हणतील, या घरात तुम्ही नुसते बसूनच तर असता, तिकडे येऊन बसा." हे सगळं ते एकही शब्द न अडता बोलले. म्हणजे ते त्यांनी मनात किती वेळा म्हणून पाहिलं असेल.

मला त्या वेळी पक्कं कळलं होतं की हे अपग्रेड झालंच पाहिजे. ते कुणी करायला पाहिजे, हे मात्र कळलं नाही.

डिसेंबर आला. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन आठवडे झाले होते. दादाने सोमवारची अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती. शुक्रवारी संध्याकाळी मी काकांना फोन केला.

"काका, उद्या सकाळी मी तुमचं अपग्रेड करून टाकते. इथूनच."

"इथूनच? ये ना. बरोबर करू."

"नको काका. मी आले की काकू उठणार, थालीपीठं लावणार. त्यांना इतका वेळ उभं राहायला नको. तुम्हीपण आराम करा. अर्ध्या तासाचं काम आहे."

ते "बरं" म्हणाले.

मी सांगितलेलं कारण खोटं नव्हतं. त्या घरात मी गेले आणि काकू ओट्यापाशी उभ्या राहिल्या नाहीत असं कधी झालेलं नाही. वॉकर बाजूला ठेवून त्या कांदा चिरायला घेतील हे मला माहीत होतं. आपल्याकडे एखाद्याच्या घरी त्याला त्रास होऊ नये म्हणून न जाण्याचीही एक पद्धत असते, आणि ती फार सभ्य वाटते. पण दुसरं एक कारण होतं जे मी बोलले नाही. काका शेजारी असते तर डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत बसले असते, शब्द शोधत बसले असते, आणि मला ते बघवलं नसतं. मला ते काम पटकन उरकायचं होतं.

शनिवारी सकाळी साडेआठला मी माझ्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला. काकांच्या पेटीत दुरून शिरायची एक सुरक्षित वाट आम्ही पूर्वीच करून ठेवली होती, तिने आत गेले. सगळ्या सेटिंगचा बॅकअप घेतला. नव्या आवृत्तीबरोबरच्या सूचना आदल्या दिवशी वाचल्या होत्या. त्यात एक ओळ होती की काही जुन्या नेटवर्क कार्डांची नावं नव्या आवृत्तीत बदलतील, आणि तसं झालं तर पेटी सुरू होताना मध्येच थांबून विचारील, बाहेरची तार कोणत्या कार्डाला आहे आणि घरातली कोणत्या. त्याचं उत्तर पेटीसमोर बसूनच द्यावं लागेल. मी ती ओळ वाचली आणि सोडून दिली. काकांच्या पेटीतली कार्डं मला माहीत होती. मीच त्यांच्याबरोबर बसवली होती ती.

बटण दाबलं. सॉफ्टवेअर उतरलं, पेटी बंद झाली. परत सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. मी चहा केला. दहा मिनिटं झाली. पंधरा. पेटी उत्तर देईना. मी ज्या वाटेने आत गेले होते ती वाटही अर्थातच त्या पेटीतूनच जात होती.

घरच्या फोनवर फोन लावला. लागेना. मग आठवलं, त्यांचा लँडलाइनही इंटरनेटवरच चालतो. काकांचा मोबाइल लागेना, म्हणजे ते तळघरात असणार; तिथे सिग्नल येत नाही आणि एरवी तो वाय-फायवर चालतो. काकूंचा वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही. एका बटणाने मी दोन म्हाताऱ्या माणसांचं घर जगापासून तोडून टाकलं होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा.

"हे, आई-डॅडच्या घरचा कॅमेरा ऑफलाइन दाखवतोय. लँडलाइन पण जात नाही. डिड डॅड टच समथिंग?"

इथे मी "नाही, मी केलं" एवढंच म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "मी जाऊन बघते, दादा."

तो मोठा सुस्कारा टाकून म्हणाला, "आय न्यू इट, यार. ॲनीवे, मंडेला टेक्निशियन येतोच आहे. बरंच झालं." आणि फोन ठेवला.

गाडी काढली. रस्त्यावर रात्रीचा बर्फ होता, बर्फ वितळवायला मीठ टाकणारे ट्रक फिरून गेले होते. डब्लिनमधले तीन राउंडअबाउट ओलांडेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आत्ता, या क्षणी, दादा समजून चाललाय की त्याच्या वडिलांनी घर बंद पाडलं. मी त्याला तसं समजू दिलं. ज्या माणसाने मला चूक करायला शिकवलं, त्याच्या नावावर मी माझी चूक टाकून आले होते.

गॅरेजच्या कुलपाचा नंबर दाबून आत शिरले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तळघराचं दार उघडं होतं. काकू जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर, ऑपरेशनचा पाय सरळ पसरून बसल्या होत्या. वॉकर वर दाराशी. मांडीवर काकांची वही, नाकावर काकांचाच चष्मा, कारण त्यांचा स्वतःचा वर राहिला होता. मला बघून म्हणाल्या, "आलीस? बरं झालं. तुझ्या काकांनी आज मला शाळेत घातलंय."

मी त्यांच्या बाजूने खाली उतरले. काका स्टुलावर बसले होते. जुना मॉनिटर त्यांनी पेटीला जोडला होता. एका हाताने कसा उचलून ठेवला असेल कुणास ठाऊक. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरात तोच प्रश्न उभा होता.

"काका, माझं चुकलं. मी—"

"हा विचारून राहिलाय," काका पडद्याकडे बोट करून म्हणाले, "बाहेरचं कोणतं आणि... आणि..."

मी "आतलं" म्हणायला तोंड उघडलं. काकूंनी पायरीवरून "श्श" केलं.

"...आणि घरचं कोणतं," काका म्हणाले.

"पण काका, कार्डांची नावं कशी बदलली? आपण बसवली ती तर नवी होती."

"एक मेलं होतं. मागच्या... मागच्या उन्हाळ्याआधीच्या. मी जुनं टाकलं. वहीत आहे."

वहीत होतं. त्यांच्या झटक्याच्या आधीचं, ठसठशीत अक्षरात. एक कार्ड बंद पडलं, कपाटातलं जुनं बसवलं, त्याचा क्रमांक अमुक. मी शुक्रवारी फोनवर "काका, पेटीत काही बदललंय का?" एवढं विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. थोडा वेळ लागला असता. मला तो वेळ त्यांना द्यायचा नव्हता, आणि त्याला मी काळजी म्हणत होते.

"ह्यांची सकाळची भजनं बंद पडली," काकू सांगायला लागल्या, "मी म्हटलं पोरगी काहीतरी करतेय, होईल सुरू. हे म्हणाले, नाही, हे अडकलं आहे. आणि चालले खाली. मी म्हटलं मीपण येते. तर म्हणे, तू पायरीवर बस, वाचून दाखव."

"पुढे वाच," काका म्हणाले. "शेवटचे चार."

"सात. बी. शून्य. चार."

"बी?"

"बी. बावळटातला."

"कोण?"

"तुम्ही नाही हो. नंबर!"

काकांनी पडद्यावरच्या दोन ओळींवरून बोट फिरवलं आणि एका ओळीपाशी थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "निळी काढ."

मी मागे जाऊन निळी केबल काढली. पडद्यावर दुसऱ्या कार्डाची नोंद 'बंद' झाली. "लाव." लावली. "आता ती... ती..." त्यांनी डोळे मिटले. मला पिवळी केबल दिसत होती, शब्द माझ्या जिभेवर होता. मी गप्प राहिले. पेटीचा पंखा फिरत होता. धुण्याच्या यंत्रात कपडे तसेच होते. बराच वेळ गेला असं मला वाटलं, खरं तर पाच-सात सेकंद असतील.

"पिवळी," काका म्हणाले.

मी पिवळी काढली आणि लावली.

मग ते टाइप करायला लागले. डाव्या हाताची तर्जनी, एकेक अक्षर. पहिल्या ओळीत त्यांनी घरातल्या कार्डाचं नाव टाकलं, जिथे बाहेरचं टाकायला हवं होतं. मी बघितलं. उलटं झालं होतं. तसंच पुढे गेलं असतं तर पेटी सुरू झाली असती पण काहीच चाललं नसतं. माझा हात कीबोर्डकडे गेला. पायरीवरून पुन्हा "श्श" आलं.

शेवटी पडद्याने विचारलं, हे बरोबर आहे का, पुढे जाऊ? काकांचं बोट होकाराच्या अक्षरावर थांबलं. ते पडद्याकडे वाकले. ओठ हलवत दोन्ही ओळी वाचल्या. मग बोट सरकवून नकार दाबला.

"उलटं झालं," ते म्हणाले. "घाई केली मी."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं टाइप केलं. या वेळी बरोबर. होकार दाबला. पडद्यावरून ओळी सरसर वर जायला लागल्या, एकामागून एक, आणि शेवटी पेटीने सुरू झाल्यावर वाजवते ती आपली छोटीशी चार सुरांची धून वाजवली. नवी आवृत्ती चालू झाली होती. काकांनी उजवा हात मांडीवर ठेवला, डाव्याने तो चोळला आणि म्हणाले, "बस."

काकू म्हणाल्या, "बस काय बस, मला आता वर कोण चढवणार?"

एवढ्यात जिन्याच्या कठड्यावर ठेवलेला घरचा कॉर्डलेस फोन वाजायला लागला. काकूंनी तो स्पीकरवर टाकला.

"आई! व्हॉट हॅपन्ड? एक तास ट्राय करतोय. डॅडने काय केलं?"

काका फोनकडे बघून म्हणाले, "काही नाही. अपग्रेड होतं. वेळ लागतो."

त्यांनी माझं नावच घेतलं नाही. सगळं स्वतःवर घेऊन ते मोकळे झाले. आणि त्याचा अर्थ सोमवारी काय होईल हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"दादा," मी म्हणाले, "काकांनी काही केलं नव्हतं. मी केलं. माझ्या घरून केलं, दुरून. आणि मघाशी तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं नाही. सॉरी."

पलीकडून तो म्हणाला, "वेट. मेजर व्हर्जनचं अपग्रेड तू रिमोट केलंस? तू? नेटवर्क इंजिनिअर?"

"हो."

"व्हाय?"

"तिला वाटलं," काकू म्हणाल्या, "ती इथे आली तर मी थालीपीठं लावत बसेन."

"आई, यू वुड हॅव."

"लावलीच असती! भाजणी काढून ठेवलीय कालपासून!"

दादा हसला. मग त्याने विचारलं, "सो हू फिक्स्ड इट?"

"तुझ्या वडिलांनी," मी म्हणाले. "मी फक्त केबली काढल्या आणि लावल्या. त्यांनी सांगितल्या त्या."

फोनमधून त्याच्या घरातल्या मुलांचा आवाज येत होता. मग एक दार बंद झाल्याचा आवाज आला आणि ते आवाज थांबले.

"डॅड? यू देअर?"

"आहे."

"नेमकं काय झालं होतं? टेल मी."

काका सांगायला लागले. जुनं कार्ड, त्याचं नाव बदललं, पेटी विचारत थांबली. दोन-तीनदा अडले. एकदा तर 'क्रमांक' या शब्दापाशी इतके थांबले की काकूंनी माझ्याकडे बघितलं. पलीकडून दादा शब्द पुरवत नव्हता. तो ईडन प्रेरीतल्या कुठल्या तरी बंद खोलीत फोन कानाला लावून नुसता थांबला होता. काकांना शब्द सापडला. ते पुढे गेले. दादाने एक प्रश्न विचारला, काकांनी तो चुकीचा आहे असं सांगितलं, आणि दोघं त्यावर वाद घालायला लागले.

मी काकूंना काखेत हात घालून उठवलं. तीन पायऱ्या चढायला आम्हाला पाच मिनिटं लागली. वर आल्यावर मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि भाजणी मळायला घेतली. त्यांनी बसल्या बसल्या माझ्या पाण्याच्या अंदाजावर टीका केली. खालून दोघांचा आवाज येत राहिला. मधे दादा म्हणाला ते मी नीट ऐकलं: "मंडेचं मी कॅन्सल केलं, डॅड. आत्ताच. ॲपवर." काकांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

या गोष्टीला वर्ष होत आलं. त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ज्यांनी लिहिली, तिच्या सूचनांमध्ये कार्डांबद्दलची ती एक ओळ ज्याने कुणी घातली, त्या लोकांना मी ओळखत नाही. मी आता त्यांच्या सूचनांचं मराठीत भाषांतर करते, दर महिन्याला थोडं थोडं, कारण त्यांचं देणं दुसरं कसं फेडायचं मला माहीत नाही. अडलेल्या ठिकाणी काकांना विचारते. काही शब्द त्यांना लगेच सापडतात, काही दोन दिवसांनी फोन करून सांगतात. माझ्या वडिलांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग त्या काकांना डेपोत घेतलं असतं आम्ही." याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नाही.

काका-काकू अजून त्याच घरात आहेत. पुढे काय होईल ते ते दोघं आणि दादा ठरवतील. आता ते तिघं त्यावर बोलतात, एवढं मला माहीत आहे. गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. पुढची आवृत्ती आली होती, आणि त्यांनी तिच्या सूचना माझ्या आधी वाचल्या होत्या.

"शनिवारी ये," ते म्हणाले. "गाडीने ये."

मी येते म्हणाले.